रायाजी काटकर यांच्या अखेरच्या उडीची हकीकत

श्रीरंगदेवता प्रसन्न. शके एकोणीसशें, कालयुक्त नाम संवत्सरीं पडद्याच्या राज्यावर जो अनर्थ गुदरला, तो मन घट्ट करोन लिहितों.

या राज्यास ना गड ना तट. एक पांढरा पडदा, आणि त्यावर बारमाही लढाई. तेथें रायाजी काटकर म्हणोन मर्द माणूस उदयास आले. बाळपण तालमींत गेलें, मग शहरीं येऊन कराटे नामें हातापायांची विद्या शिकले, आणि ऐसे तयार जाहले कीं एका लाथेंत तिघे लोळवीत. उड्या टाकण्यास भाड्याचा बदली ठेवावा, तोंड सरदाराचें आणि हाडें गरिबाचीं, ऐसी या राज्याची चाल. रायाजींनीं ती मोडिली. "माझ्या नांवावर दुसऱ्याचं हाड मोडायचं नाही," म्हणाले. मग लोकांनीं डोक्यावर घेतलें, आणि गांवोगांव पोरें गच्च्यांवरोन उड्या टाकूं लागलीं.

मग निर्माते गोवर्धनपंत यांनीं गिरणीच्या छपरावरोन उडी योजिली आणि खालीं गाद्या अंथरविल्या. आणि चित्रांत दिसतात म्हणोन ऐनवेळीं मागें ओढविल्या, आणि रायाजींस सांगावयाचें राहोन गेलें. काय म्हणावें या बेपर्वाईस! रायाजी फरशीवर पडोन गत जाहले. चित्रयंत्र चालूच होतें.

मातोश्री चिमाबाई पंतांच्या दारीं गेल्या आणि पदर पसरोन बोलिल्या, "माझं लेकरू पडतंय तेवढं कापा. बाकी समदं दावा, हसताना दावा, मारताना दावा." पंत म्हणाले, "बाई, लोक तेवढंच बघायला येणार. ते कापलं तर मी बाजारातून उठलोच." आणि कापिलें नाहीं. चित्र लागलें आणि लोक लोटले, आणि रायाजी मेले हें ठाऊक असोन, किंबहुना म्हणोनच, उडीस शिट्या जाहल्या. प्रेमाचेच लोक, म्हणोनच दुःख अधिक.

पुढें तें चित्र जत्रेच्या तंबूंत आलें. चिमाबाई पदराखालीं विळा घेऊन आल्या, पडदा फाडावा हाच निश्चय. उडी आली, रायाजी पडले, आणि तंबू गर्जला, "वन्स मोअर!" तंबूची चाल ऐसी कीं लोकांनीं मागितलें तर यंत्र उलटें फिरवावें, आणि यंत्रांतला दिवाही मालवूं नये, म्हणोन उलटें चित्रही पडद्यावर दिसे. चिमाबाई पडद्यापाशीं पोहोंचल्या, विळा उगारिला, आणि पाहातात तों रायाजी फरशीवरोन उठले, वर वर गेले, आणि छपरावर धडधाकट उभे राहिले. हात तसाच राहिला. मग पुनः पडले. पुनः गलका, पुनः उठले. अखेर लोक कंटाळोन गप्प जाहले, आणि यंत्रवाला चित्र पुढें नेऊं लागला, तों पुढोन एकच आवाज आला, "थांब रं बाबा. आजून एकदा उठीव त्याला."

एवंच, रायाजींची कीर्त राहिली, चौकांत पुतळा जाहला, पंतांनीं दुसरा मर्द उभा केला. चिमाबाई जत्रेजत्रेस त्या तंबूमागें फिरतात. लेक पडतो तेव्हां डोळे मिटतात, आणि लोकांनीं वन्स मोअर म्हणावें म्हणोन हात जोडोन बसतात. हल्लीं लोक म्हणत नाहींत.