हत्ती झाडावर

मामांचा आत्मविश्वास असा, की जगातलं प्रत्येक मूल त्यांना विचारूनच रडत असावं. "साहेब, काळजी सोडा. लहान पोरांची नस न् नस मला ठाऊक आहे," असं ते ऑफिसात छाती काढून सांगत. त्यांचं अजून लग्न व्हायचं होतं, ही गोष्ट अलाहिदा.

त्यांनी टॅबलेटवर चिमुरड्यांसाठी एक खेळ रचला होता. प्राणी बोटानं ओढायचा आणि त्याच्या जागी न्यायचा. हत्ती पाण्यात, माकड झाडावर. बरोबर आलं की चांदणी चमकते, टाळ्या वाजतात. चुकलं की प्राणी धप्पकन पडतो आणि 'फुस्स' असा आवाज येतो. आज बालवाड्या चालवणाऱ्या बाई तो बघायला आल्या होत्या. त्यांना पसंत पडला तर ठीक, नाहीतर मामांची वर्षभराची मेहनत पाण्यात.

"तुम्ही खेळून दाखवू नका, मूल आणा," अशी बाईंची अट होती. म्हणून मामांनी बहिणीकडून अडीच वर्षांची ठमी उचलून आणली होती.

ठमीनं हत्ती झाडावर ठेवला. धप्पकन, फुस्स. ठमी खदखदून हसली. मग पुन्हा हत्ती झाडावर.

"ठमे, शहाणी ना तू? हत्ती कुठे जातो?" मामांनी लाडीगोडी लावली.

"पाण्यात."

"मग पाण्यात ने ना राणी."

"नको. मला पडलेला हवाय."

मामांनी तिचं बोट धरून पाण्याकडे न्यायला बघितलं, तर तिनं हात झटकला. चांदणी दाखवली, तर म्हणाली, "ती पडत नाही." एव्हाना हत्ती इतक्यांदा पडला होता, की खरा असता तर कमरेला पट्टा लागला असता. साहेब टाय सैल करू लागले. बाईंनी पर्स उचलली. "मूल चुकायलाच शिकतंय," त्या म्हणाल्या.

मामा त्यांना अडवायला उठले. आणि तिथंच डोक्यात प्रकाश पडला. पोरगी चुकत नव्हतीच, तिला मजा जिथे होती तिथे ती जात होती. मजा चुकीच्या जागी ठेवली होती ती मामांनी.

"बाई, एक चहा घ्या," म्हणत ते प्रोग्रॅमरच्या टेबलाशी धावले. "पडणं बरोबर उत्तराला लाव. चुकलं तर काहीच होऊ देऊ नकोस."

चहा संपेतो काम झालं. ठमीनं हत्ती झाडावर ठेवला. हत्ती ढिम्म. "बिघडला," ती म्हणाली. तिनं त्याला पाण्यात नेलं. धप्पकन, फुस्स! मग काय विचारता, माकड झाडावर, ससा बिळात, एकही चूक नाही. बाईंना राहवेना. त्यांनी टॅबलेट ओढून घेतला आणि स्वतःच हत्ती पाडू लागल्या.

"पसंत," त्या म्हणाल्या. मामांना आभाळ ठेंगणं झालं. साहेबांनी कागद पुढे केले, बाईंनी पेन उघडलं.

टॅबलेट गेल्यामुळे ठमी मात्र रिकामी झाली होती. "मामा, आता तू पड," ती म्हणाली.

बाईंचं पेन थांबलं. सगळे मामांकडे बघू लागले. मामा कडक इस्त्रीच्या पँटीसकट फरशीवर धप्पकन बसले आणि तोंडानं 'फुस्स'ही केलं. बाई पोट धरून हसल्या.

"पुन्हा," ठमी म्हणाली.

मामांनी मोठ्या आशेनं साहेबांकडे बघितलं.

"सही व्हायची आहे अजून," साहेब हळूच म्हणाले. "पडा."