थांबणारं रामेन

गरमागरम जेवण वाढून घ्यायचं आणि ते जेवायचं नाही, असं करणारा माणूस नाशिकच्या आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत एकच, पोपटराव. वाडगा भरायचा, वर ताटली झाकायची आणि हाताची घडी घालून समोर बसायचं. मधूनच ताटली उचलून एक नूडल चिमटीत दाबून बघायचा, पुन्हा झाकायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, नैवेद्य दाखवतायत.

"नूडल थांबला पायजे, सर," ते गंभीरपणे म्हणाले.

पोपटराव मूळचे घोटीचे, म्हणजे भाताच्या राशीत वाढलेले. अंबडच्या एका कारखान्यात साचे बनवण्यात जन्म गेला. मध्ये कंपनीने त्यांना जपानला, त्सुबामे नावाच्या गावी शिकायला पाठवलं. गाव चमचे, सुऱ्या, पातेली घडवणारं. तिथे ते साचे किती शिकले ठाऊक नाही, पण रामेन, म्हणजे रश्श्यातल्या नूडलचा वाडगा, अंगात भिनवून आले. तिथल्या कामगारांना ओव्हरटाइममध्ये वेळेवर जेवता येत नसे. म्हणून नूडल जाड, भिजून त्याचा लगदा होत नाही. आणि रश्श्यावर चरबीचा तवंग, खाली वाफ कोंडून राहते. मॉलमधल्या रामेनचा विषय काढला की पोपटराव कपाळाला हात लावत.

आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते, तिकडे रामेन बदलतं, असं त्यांचं म्हणणं. तोयामाचं काळंकुट्ट आणि खारट, भाताबरोबर खायचं. मुरोरानचं करी घातलेलं, "ते पाहुण्यांना ठीक." किताकाताचे लोक सकाळी उठून रामेन खातात हे ऐकून मी म्हटलं, मग आपण मिसळ खातो तसंच की. त्यावर त्यांनी मठ्ठ पोराने अचानक बरोबर उत्तर द्यावं तसं माझ्याकडे पाहिलं. आणि त्सुबामेच्या वाडग्यावर कच्चा कांदा चिरून घालतात हे सांगताना तर त्यांचा ऊर भरून यायचा. एवढ्या लांब जाऊन अभिमान वाटला तो कांद्याचा. नाशिककरच शेवटी.

अडचण वासाची. रश्श्याला तिथे सुके मासे लागतात, म्हणून हे सुकट-बोंबील उकळत. डुकराची चरबी घरात आणायला बायकोने साफ नकार दिल्यामुळे कोंबडीच्या चरबीवर भागवलं होतं. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा नाकाला रुमाल लावून तक्रार करायला वर गेले आणि दोन वाडगे रिचवून खाली आले. तक्रार मात्र कायम ठेवली.

हा सगळा खटाटोप कुणासाठी, हे मला उशिरा कळलं. त्यांच्या पत्नी, मंदावहिनी, नातू झाल्यापासून पुण्याला मुलाकडे असतात, बाळाला सांभाळायला. महिन्यातून एखाद्या शनिवारी यायच्या. दुपारी जेवायला पोचते म्हणायच्या आणि बस चाकणला अडकायची. येईपर्यंत पोळ्या गार, भाजी गार. पोपटरावांना ते फार खुपायचं. तुम्हाला हे रामेन आवडतं का, असं मी वहिनींना एकदा विचारलं. वास नाही आवडत, त्या म्हणाल्या, पण दमून आल्यावर कुणी आयतं गरम वाढलं तर नावं कशाला ठेवायची.

मागच्या महिन्यात अशाच एका शनिवारी पोपटरावांनी मला कांदा चिरायला बोलावलं होतं. वाडगा झाकून बराच वेळ झाला आणि फोन आला. नातवाला ताप होता, वहिनी येणार नव्हत्या. पोपटरावांनी ताप किती, डॉक्टर काय म्हणाले, सगळं शांतपणे विचारलं. मग फोन ठेवून वाडगा माझ्यापुढे सरकवला. मी खाल्लं. शेवटच्या घोटापर्यंत गरम होतं आणि तसं मी सांगितलंही.

"गरम ऱ्हातंय हो," ते म्हणाले. "खाणारं माणूस ऱ्हात नाय."

मला फार वाईट वाटलं. मग तुम्हीच पुण्याला का जात नाही, मी विचारलं. त्यांनी पुसलेलीच पळी पुन्हा पुसायला घेतली.

"पोरानं आईला बोलावलं, सर. मला येऊ नका म्हणला नाय. पन या, असंबी म्हणला नाय." आणि मग अगदी हळू आवाजात, "बापानं न बोलवता जावं का?"

मला यातला अनुभव नाही. माझा मुलगा अजून शाळेत आहे. तरी म्हटलं, जावं. आजारी नातवाला बघायला आमंत्रण लागत नाही. त्यांनी पिशवीत एक जोडी कपडे कोंबले, मी स्कूटर काढली आणि द्वारका चौकात त्यांना पुण्याच्या बसमध्ये बसवलं. आधी फोन करू का, असं बस हलेपर्यंत ते मला विचारत होते.

रात्री वहिनींचा फोन आला. हसतायत की रडतायत ते कळेना. पोपटराव पोचले होते. मुलाने दार उघडलं आणि म्हणाला, बाबा, आत या ना. तरी हे चपला न काढता दाराबाहेरच उभे.

"मला वाटलं, ह्यांना ऐकू नाही आलं," वहिनी म्हणाल्या. "तर त्याला म्हणतात कसे, परत एकदा म्हण."