उतरत्या कमरेची पँट

आठवीच्या वर्गात खडू उचलायला गणिताचे सर वाकले आणि त्यांची पँट मागून टर्रकन उसवली. मुलं तास संपेपर्यंत हसत होती. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात दोन महिन्यांनी त्याच मुलांसमोर, स्टेजवर चढून, त्यांना उत्तम शिक्षकाचं बक्षीस घ्यायचं होतं. पुन्हा शोभा झाली तर नोकरी सोडलेली बरी! सरांनी त्याच संध्याकाळी गोड सोडलं, तळलेलं सोडलं आणि पहाटे फिरायला सुरुवात केली.

दोन आठवड्यांत कंबर चक्क एक इंच उतरली. झालं! सर कागद-पेन्सिल घेऊन बसले.

"आठवड्याला अर्धा इंच. राहिले सहा आठवडे, म्हणजे तीन इंच. आज एकोणचाळीस, त्या दिवशी छत्तीस. अगदी सोपं उदाहरण आहे!"

"अहो, कंबर आहे ती, पाण्याची टाकी नव्हे," बायको म्हणाली.

"दर स्थिर आहे गं!"

टेलरकडे सरांनी छत्तीसचंच माप दिलं. टेलरने सरांच्या पोटाकडे पाहिलं. "सर, दोन बोटं जास्त ठेवतो."

"एक दोराही नको," सरांनी बजावलं.

तिसऱ्या आठवड्यात टेप जागची हलेना. चौथ्यात मेहुणा राहायला आला. आता पाहुण्याला एकट्याला कसं जेवायला बसवायचं? पाचव्यात सर्दी झाली आणि फिरणं बंद पडलं. उतरलेला इंच परत आला, तशी सरांनी टेप कपाटात टाकली. तरी हिशोब सुटला नव्हता. शेवटच्या आठवड्यात उत्तर जुळायला एकदम चार इंच उतरायला हवे होते.

समारंभाच्या दिवशी सरांनी देवाचं नाव घेतलं, श्वास रोखला, डोळे मिटले आणि पँट वर ओढली. बटण लागलं. अगदी अलगद! वर दोन बोटं जागा उरली.

"बघितलंस?" सर ओरडलेच. "गणित कधी खोटं बोलत नाही!"

"नाहीच बोलत," त्यांची कॉलर सारखी करत बायको म्हणाली. "लग्नात तुमची कंबर तीस होती. वीस वर्षं झाली, वर्षाला अर्धा इंच, एकही वर्ष चुकवलं नाहीत. तुम्ही माप देऊन आलात ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी टेलरला जाऊन सांगितलं."

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी मनातल्या मनात उदाहरण सोडवलं. चाळीस. उत्तर बरोबर होतं.

"मग ही ढिली कशी?" त्यांनी पडेल आवाजात विचारलं.

"पँट काय दरवर्षी शिवायची? पुढच्या दोन वर्षांचा इंच धरलाय त्यात."