ओल्या कचऱ्याची सव्वाआठची फेरी

‘ओल्या कचऱ्याची गाडी फाटकात लागलेली आहे. साली, देठं आणि चहाचा चोथा यांनी त्वरित बसून घ्यावे!’

रोज सकाळी सव्वाआठला आमच्या दारात ही घोषणा होते. गाडी म्हणजे एक निळी बादली आणि ती धरून उभे असलेले आमच्या आळीतले तात्या मुळ्ये. तात्यांची सगळी नोकरी रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली. ते निवृत्त झाले, पण आवाज काही झाला नाही. मुलगा मुंबईला, घरात हे एकटे. परसातला जांभा फोडून त्यांनी खड्डा केलाय. आठ घरांचा ओला कचरा त्यात जातो आणि अधूनमधून प्रत्येक घराला डबाभर खत मिळतं. त्याला ते ‘परतीचं तिकीट’ म्हणतात.

कचरा तपासून घेतात हं! माशाचे काटे दिसले की, ‘हे लांबचे प्रवासी, खाली बसतील,’ म्हणत तळाशी ढकलतात. लिंबाच्या साली मात्र माझ्या हातात परत. ‘ह्यांना उतरव गो. गांडुळांना आंबट सोसत नाही.’ आंब्यांच्या दिवसांत उन्हाळी जादा गाड्या सुटतात, म्हणजे ऐन दुपारी झोपमोड.

मी शाळेत शिकवते. सव्वाआठला माझ्या एका हातात पोळी आणि दुसऱ्या हातात वेणी असते. तेवढ्यात तात्या सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी करत उभे. खोटं कशाला बोलू, मी मनात चरफडायची.

यंदा घंटागाडीला ओल्या कचऱ्याचा वेगळा कप्पा आला. मला कोण उत्साह! आठही घरं फिरून मी सांगून आले, सत्तरीच्या माणसाला ओझं कशाला वाहायला लावायचं? मग तात्यांना म्हटलं, ‘तात्या, उद्यापासून तुम्हाला सुट्टी. सगळा कचरा घंटागाडीत.’

‘सगळ्यांचाच?’

‘सगळ्यांचाच.’

‘बरं झालं हो. खांदा दुखतोच हल्ली.’

केवढं पुण्य पदरात पडलं, असं वाटलं मला.

त्यानंतर तात्या दिसेनात. सासूबाई मात्र सव्वाआठला पायरीवर येऊन बसायच्या आणि थोड्या वेळानं गुपचूप आत जायच्या. बाराव्या दिवशी, रविवारी, त्यांनी घावन केले आणि मला तात्यांकडे पिटाळलं.

तात्या ओटीवर बसले होते. निळी बादली धुऊन पालथी घातलेली. घावन ठेवायला मी स्वयंपाकघरात गेले, तर भिंतीवर पुठ्ठ्याचं वेळापत्रक. कंट्रोलरच्या वळणदार अक्षरात घर, वेळ, थांबा आणि पुढे शेरा. ‘पेडणेकर वहिनी, आठ-पाच, थांबा दहा मिनिटं. एकट्या असतात. बोलू द्यावे.’ आमच्यापुढे लिहिलं होतं, ‘सव्वाआठ, थांबा तीन मिनिटं. काकूंचा गुडघा विचारणे. सुनंदाला शाळेची घाई, अडवू नये.’

आठही ओळींवर लाल रेघ होती. खाली दोनच शब्द, ‘फेरी रद्द.’

मला रडूच आलं. ह्या माणसाचं दिवसभराचं बोलणं त्या आठ फाटकांत होत होतं आणि ते मी बंद करून आले होते, वर पुण्य म्हणून! डोळे पुसून बाहेर आले.

‘चुकलं माझं, तात्या. उद्यापासून फेरी सुरू करा.’

‘कुणाची ऑर्डर?’

‘सासूबाईंची.’

‘मग पाळायलाच हवी,’ म्हणत तात्यांनी बादली सुलटी केली.

संध्याकाळी मी पुन्हा आठ घरं फिरले. सोमवारी वेणी अर्धवट टाकून, कचऱ्याचा डबा घेऊन आधीच फाटकात उभी राहिले. सासूबाई मागे पायरीवर. तात्या आले, खाकरले.

‘ओल्या कचऱ्याची गाडी बारा दिवस उशिरा धावत आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल...’

पुढचं तसंच सोडून त्यांनी बादली पुढे केली. मी डबा बादलीत रिकामा केला. वरच लिंबाच्या चार साली होत्या. तात्यांनी त्या पाहिल्या, आणि त्या दिवशी एकीलाही उतरवलं नाही.