लादीवर लादी

"ह्या वर्षी घरात पाणी शिरलं ना, तर मी बॅग भरून नालासोपाऱ्याला ताईकडे जाणार. चौथा मजला आहे तिचा. परत येणार नाही." सुहासिनीने चहाचा कप श्रीरंगच्या पुढ्यात आदळला. बायको चेष्टा करत नाहीये, हे श्रीरंगला लगेच कळलं. चेष्टेत असली की ती कपाखाली बशी देते.

खाडीकाठच्या उमेळे गावातल्या एका बिल्डिंगमध्ये श्रीरंगचा फ्लॅट तळमजल्याला. घेतला तेव्हा बिल्डिंगमधून रस्त्यावर यायला पायऱ्या उतराव्या लागत. मग दर उन्हाळ्यात रस्ता नवा होऊ लागला. जुना उकरून काढायची अक्कल रस्ता करणाऱ्यांना नव्हती आणि लाज तर त्याहून नव्हती. जुन्यावर नवा थापायचा, नारळ फोडायचा, फोटो काढायचे, पुढच्या साली परत तेच. असं करत करत रस्त्याने पायऱ्या गिळल्या आणि तो श्रीरंगच्या खिडकीशी येऊन टेकला. माणसं खड्ड्यात गेली. घरपट्टी मात्र जमिनीवरचीच येत राहिली.

पाऊस आणि भरती एकदम आली की पाणी बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये भरायचं. तिथे दोन दारं समोरासमोर. ज्याची लादी खाली, त्याच्याकडे पाणी वस्तीला. समोर रुडॉल्फ राहायचा, नंदाखाल गावातली वाडी भावाच्या ताब्यात देऊन इथे आलेला. गेल्या साली त्याने गुपचूप घरातली जमीन वीतभर उचलून घेतली, आणि दोन्ही घरांचं पाणी एकट्या श्रीरंगच्या पलंगाखाली नांदलं.

"मी काय आमंत्रण दिलं पाण्याला?" रुडॉल्फने हात वर केले होते. "त्याला उतार दिसला, ते गेलं."

म्हणून श्रीरंग आणि सुहासिनी हायवेवरच्या चिरागच्या लाद्यांच्या दुकानात जाऊन बसले.

"वहिनी, ही बघा. इटालियन फिनिश. हिच्यावर मळ अजिबात दिसणार नाय."

"मळ दिसलाच नाही तर पुसायचं कधी, ते कळणार कसं?"

चिरागने आयुष्यात इतक्या लाद्या विकल्या होत्या, पण हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कोणीतरी विचारला. त्याने गुपचूप दुसरी काढली. चकचकीत पांढरी, आरशासारखी. सुहासिनी तिच्यात तोंड बघून म्हणाली, "ही."

"मला रंगाचं काही नको सांगू," श्रीरंग म्हणाला. "उंचीचं बोल. रुडॉल्फच्या वर जायचंय."

"मग जुनी फोडायचीच नाय ना काका. तिच्यावर विटांचे तुकडे, वर सिमेंटचा कोबा, वर नवी. लादीवर लादी!"

ज्या कामासाठी श्रीरंग रस्तेवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, तेच काम स्वतःच्या घरात करून घेताना त्याला काहीएक वाटलं नाही. घर हातभर उचललं गेलं. श्रीरंगने आपल्या दारात उभं राहून रुडॉल्फच्या उंबरठ्याकडे असं पाहिलं, की जणू तो डोंगरावरून पाहतोय.

दुसऱ्या दिवशी रुडॉल्फ केक घेऊन आला. कधी नव्हे तो. खाताखाता त्याच्या हातून चमचा पडला. तो उचलायला वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

"काय रे, कंबर धरली का?"

"नाय रे, लादी बघतो. मस्त आहे," टेबलाखालून आवाज आला. टेबल दाराला लागूनच होतं. तो उंबरठ्यापाशी बोटांनी वीत मोजत होता.

आठवड्याभरात रुडॉल्फच्या दारात विटांचा टेम्पो लागला. श्रीरंगने चिरागला फोन लावला. "किती चढवतोयस त्याच्याकडे?"

"काका, गिऱ्हाइकाची गोष्ट मी बाहेर सांगत नाय. धंद्याचं तत्त्व आहे." मग आवाज उतरवून, "तुमच्यापेक्षा चार बोटं जास्त."

श्रीरंगने दुसरा थर घातला. रुडॉल्फने तिसरा. श्रीरंगने तिसरा आणि चौथा एकदमच. चिरागने दुकानाला एसी बसवला.

घराची कळा बदलत गेली. पंखा डोक्याला लागायला लागला, तो उतरवला. ओटा गुडघ्याला आला, तशी सुहासिनी मांडी ठोकून पोळ्या लाटू लागली. दरवाजा खालून कापून कापून इतका उरला की पाहुणे नमस्कार करत आत यायचे, मनात असो वा नसो. आणि खिडकी पार पायांशी आली. बाहेर रस्ता, आत लादी, दोन्ही एका पातळीत. वाकून वाकून श्रीरंगची पाठ गेली, तेव्हा त्याने खिडकीचं ग्रिल कापून त्याला बिजागऱ्या लावल्या. खिडकीचा दरवाजा झाला. तिथून ताठ मानेने थेट रस्त्यावर पाय टाकता यायचा.

"येऊ दे आता पाणी," श्रीरंग म्हणाला. त्याला आता पाण्याची भीती नव्हती. ते रुडॉल्फकडे जातंय की नाही, एवढीच उत्सुकता होती.

जुलैत पाणी आलं. भरतीही आली. श्रीरंग दाराशी उकिडवा बसून बघत राहिला. पाणी पॅसेजमध्ये मांडीपर्यंत चढलं, त्याचा उंबरठा चाटला आणि थांबलं. रुडॉल्फचाही चाटला आणि थांबलं. दोन्ही घरं कोरडी!

"सुहास, थेंब नाही बघ! एक थेंब नाही!"

सुहासिनीने खरोखर लादीवर हात फिरवला. कोरडी. ती बऱ्याच वर्षांनी नवऱ्याकडे बघून हसली. तेवढ्यात दारात फळी आदळली.

दारात पहिल्या मजल्यावरच्या पुतळाबाई. मागे जिन्यात अख्खी बिल्डिंग, हातात चपला आणि डबे घेऊन उभी.

"पॅसेजात हौद झालाय बाबा. दोन्ही घरं चढली, पानी जाईल कुठं?" पुतळाबाई म्हणाल्या. "जिन्यावरनं तुझ्या दारात फळी टाकलीय. खिडकीतनं जाऊ दे रस्त्यावर."

नाही म्हणणार कोणाला? पुतळाबाई वाकून आत आल्या. मागून ऑफिसची माणसं, शाळेची पोरं, गॅसचा सिलिंडर. पांढऱ्या आरशावर चिखलाची पावलं उमटत गेली. शेवटी रुडॉल्फ आला, आपल्या दारातून दुसरी फळी टाकून, घरात ठेवलेली स्कूटर ढकलत.

"रुडॉल्फ, तू पण?"

"माझी खिडकी मागे केळीत उघडते रे," तो म्हणाला. "सांभाळून हां, आत्ताच चालू करून बघितलीय, सायलेन्सर गरम आहे."

तीन दिवसांनीही पाऊस आणि रांग, दोन्ही चालूच. सोसायटीचा सेक्रेटरी परेश हॉलच्या मधोमध उभा राहून लादीवर बूट घासून बघत होता.

"काका, ही लादी घसरते. उद्या पुतळाबाई पडल्या तर जबाबदारी कोणाची? मीटिंगमध्ये ठरलंय, तुमच्या हॉलमध्ये सोसायटीतर्फे पेव्हर ब्लॉक बसवायचे."

"माझ्या हॉलमध्ये?"

"ह्याच्यावरच बसतील. ही काढायची गरज नाही."

श्रीरंगने वर बघितलं. छत आधीच हाताला लागत होतं. आतल्या खोलीतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. सुहासिनी साडी खोचून, बॅग घेऊन बाहेर आली.

"अगं, पाणी कुठे शिरलंय? थेंब तरी आला का?" श्रीरंग काकुळतीला आला.

"पाणी दोन दिवसांत ओसरायचं," ती म्हणाली. "ही बिल्डिंग कधी ओसरणार?"

आणि ती तरातरा खिडकीकडे निघाली.

"ओ काकी!" रांगेतून कोणीतरी ओरडलं. "मध्ये कुठे घुसताय? लायनीत या!"