डिगूभाऊंचा बारका आणि भाच्याचा पहेलवान

आमच्या मोताळ्यात डिगूभाऊंकडून फोटो काढून घ्यायचा असेल तर एक पथ्य पाळावं लागतं. फोटो पाहून ‘कॅमेरा भारी आहे हो तुमचा’ असं म्हणायचं नाही. म्हटलं, की डिगूभाऊ तुमच्या देखत तो फोटो पुसून टाकतात. “मंग कॅमेऱ्यालेच सांग काढाले,” म्हणतात आणि दुकानाच्या पायरीवर येऊन सुपारी कातरत बसतात. एका तलाठ्याचा साखरपुड्याचा फोटो असाच गेला. त्याने माफी मागितली तेव्हा डिगूभाऊंनी त्याला पुन्हा कोट चढवायला लावला, पुन्हा भांग पाडायला लावला आणि दुसरा फोटो काढला. तो पहिल्यापेक्षा वाईट आला.

“आता पाह्य,” डिगूभाऊ समाधानाने म्हणाले, “हा म्या काढला.”

डिगांबर वानखडे माझे शेजारी. आमच्या अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे आणि आमचा सगळा व्यवहार त्या भिंतीवरून चालतो. त्यांच्या पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागे घर. मी इथल्या कॉलेजात शिकवतो म्हणून ते मला मास्तर म्हणतात. वय साठीच्या आसपास, अंगकाठी शेवग्याच्या शेंगेसारखी, आणि मत देण्याची घाई अशी की प्रश्न अर्ध्यावर असतानाच उत्तर तयार.

त्यांचा कॅमेरा मिररलेस, पण कंपनीचं सगळ्यात खालचं मॉडेल. प्लॅस्टिकचं अंग, फिरवायला एकच चाक, तळहातावर मावेल एवढा. त्याला ते ‘बारका’ म्हणतात. मिररलेस म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं होतं.

“यात आरसा नसते, मास्तर. म्हंजे याले सोताचं तोंड पाह्याची हौस नाही. म्हणून आपलं याच्यासंग जमते.”

भांडण सुरू झालं ते त्यांच्या भाच्यामुळे. पंकज बुलढाण्याला लग्नाचे फोटो काढतो. पोरगा हुशार, मामाचाच चेला. त्याने त्याच कंपनीचं वरचं मॉडेल घेतलं आणि पहिल्यांदा मामाला दाखवायला आणलं. काळाकभिन्न, वजनदार, अंगभर बटणं. डिगूभाऊंनी लांबूनच पाहिलं आणि नाव ठेवून मोकळे झाले. पहेलवान.

“मामा, हा माणसाचा डोळा आपोआप पकडते,” पंकज म्हणाला. “माणूस पळत असला तरी सोडत नाही. अंधारात सुदा फोटो साफ. जमाना बदलला आता.”

“जमाना बदलला तं माणसाचे नाकडोळे बदलले काय बे?”

“तसं नाही, मामा. एकदा हातात घेऊन तं पाहा.”

“कायले? तू त्याचा गुलाम झाला, आता मले बी करतं काय?”

शब्दाने शब्द वाढला आणि ठरलं की आठवडी बाजारात दोघांनी आपापल्या कॅमेऱ्याने फोटो काढायचे, मोठे करून चहाच्या टपरीवर लावायचे आणि गावाने निकाल द्यायचा. पंच म्हणून मला धरलं. मला त्यातलं काही कळत नाही, हीच माझी पात्रता.

बाजाराच्या दिवशी मामा-भाचे सकाळपासून हिंडत होते. मिरच्यांचे ढीग, बांगड्यावाली, वांगी निवडणारी म्हातारी. दुसऱ्या दिवशी टपरीवर भर उन्हातले फोटो शेजारी शेजारी लावले तेव्हा गावाला फरक सांगता येईना. वांग्याच्या म्हातारीचा फोटो तर बारक्याचाच जास्त लोकांना आवडला. डिगूभाऊंची मान ताठ झाली. पण मग कोंबडीबाजारातून निसटून उडालेल्या कोंबड्याचा फोटो आला. पहेलवानाने कोंबड्याच्या डोळ्यातली लाली टिपली होती. बारक्याच्या फोटोत एक तांबडा फराटा होता. दिवेलागणीचे फोटो लावले तेव्हा तर बोलायचं कामच उरलं नाही. पंकजच्या फोटोत कंदिलाच्या उजेडात भजीवाल्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता. डिगूभाऊंच्या फोटोत भजीवाला आहे की भज्यांची परात, यावर दोन मतं होती.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी चाचरत म्हणालो, “डिगूभाऊ, पहेलवान पुढे आहे.”

“मायंच चुकलं,” डिगूभाऊ म्हणाले. “फोटो नाही हारला, उजेड हारला.”

टपरीवर हशा पिकला. तसे ते बाकावरून उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आयकून ठेवा. त्या डब्याले मी मरेपर्यंत हात लावणार नाही. बारका हाये तोवर मी हावो.” आणि फोटो तिथेच टाकून घरी गेले.

आता सिंधूवहिनींबद्दल सांगायला हवं. या डिगूभाऊंच्या पत्नी. लग्नाच्या फोटोंचं काम दोघं मिळून करत, दोघांकडे सारखाच एकेक बारका. मांडवातले, पंगतीतले फोटो डिगूभाऊंचे. हळदीची खोली, चुडा भरणं, नवरीच्या आईचं कोपऱ्यात जाऊन डोळे पुसणं, हे वहिनींचं. तिथे पुरुषाला मज्जाव, आणि वहिनी बायकांत अशा मिसळून जात की फोटो कधी निघाला ते कुणाला कळत नसे. तालुक्यातल्या कित्येक जणींच्या अल्बममधले जिवापाड जपून ठेवलेले फोटो त्यांच्या हातचे आहेत.

पुढे त्यांच्या हातांना कंप सुटला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थोडा फरक पडला, पण कप दिला की बशी वाजायची ती वाजायचीच. बारक्याने काढलेले त्यांचे फोटो हलायला लागले. एका लग्नातला सगळा चुडा असा धूसर आल्यावर त्यांनी आपला कॅमेरा कपाटात ठेवला आणि पुन्हा बाहेर काढला नाही.  डिगूभाऊ लग्नाची कामं नाकारायला लागले. कुणी विचारलं, निदान मांडवातले तरी काढा, तर म्हणत, “बायांचे फोटो सिंधू काढते. ती येत नाही तं मी बी येत नाही. जमलं तं पाहा.” माणूस माजला, असं लोक म्हणत. डिगूभाऊ लोकांना म्हणू देत.

बाजारातल्या त्या हारजितीनंतर पंकज मामाची समजूत काढायला आला. डिगूभाऊ अंगणात बाजेवर पाठ करून बसलेले. पंकजने पहेलवान बाजेच्या कडेला ठेवला आणि हात धुवायला गेला. मी भिंतीपाशी उभा होतो. वहिनी मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, पदराला हात पुसले आणि तो उचलला. वजनाने हात आणखीच थरथरू लागले. त्यांनी कोपर पोटाशी दाबले, मिरच्यांवर चालणाऱ्या मांजरीवर नेम धरला आणि बटण दाबलं. मग आणखी एकदा.

पंकज परत आला, त्याने मागच्या पडद्यावर फोटो पाहिला आणि तो वहिनींसमोर धरला. “मामी, हे पाहा.”

पहिला हलला होता. दुसऱ्यात मांजरीच्या मिश्या मोजून घ्याव्यात इतक्या साफ होत्या.

वहिनी पाहतच राहिल्या. “हा म्या काढला?”

“याच्या आतमधी जिथी फोटो उमटते ना, ते तरंगतं असते,” पंकज सांगू लागला. “आपला हात इकडं गेला तं ते तिकडं जाते. हालनं खाऊन टाकते. मामाच्या बारक्यात ते नाही.”

डिगूभाऊ बाजेवर वळून बसले. म्हणाले, “कितीक हालनं खाते?”

“सगळं नाही खात, मामा. पण बरंच.”

 दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने डिगूभाऊ बुलढाण्याला गेले आणि दुपारी सोयाबीनच्या बारदान्यात काहीतरी गुंडाळून, काखेत मारून घरी आले. मोताळ्यात बारदाना घेऊन जाणाऱ्याकडे कुणी पाहत नाही. पण त्या दिवशी डिगूभाऊ आयुष्यात पहिल्यांदा कुणाशी न भांडता बसस्टँडवरून गेले, त्यामुळे तासाभरात सगळ्या गावाला संशय आला.

“डिगूभाऊ, हात लावला ना शेवटी?” टपरीवाल्याने विचारलंच.

“मी कायले लावू? तो सिंधूचा हाये.”

आणि ते खरं होतं. बारदान्यात वहिनींसाठी घेतलेला नवा पहेलवान होता. रोज सकाळी अंगणात वहिनींचा सराव चाले. त्या कॅमेरा धरायच्या आणि डिगूभाऊ खालून तळहात लावायचे. मी भिंतीवरून म्हणालो, “अहो, हा काय हात नाही का?” तर म्हणाले, “हा लेन्सले हाये, मास्तर. लेन्स येगळी, कॅमेरा येगळा.”

कॉलेजातल्या माझ्या एका विद्यार्थिनीचं लग्न देऊळघाटला होतं. तिने हट्ट धरला की फोटो वहिनींनीच काढायचे, तिच्या आईच्या लग्नाचेही त्यांनीच काढले होते. हळदीच्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो. मुलीच्या काकांचं लक्ष वहिनींच्या हातांकडे गेलं. ते मला बाजूला घेऊन, पण वहिनींना ऐकू जाईल असं म्हणाले, “मास्तर, हात पाहा बाईचे. दुसरं कोणी नाही काय? लग्न एकदाच होते.”

डिगूभाऊंच्या कपाळावरची शीर मी ओळखतो. ते पुढे झाले. पण त्यांच्या आधी वहिनी बोलल्या, अगदी शांतपणे. “हात माये थरथरते, भाऊ. डोळे नाही. फोटो बिघडला तं मंग बोला.” आणि गळ्यात कॅमेरा अडकवून त्या बायकांच्या खोलीत गेल्या. दार लागलं.

डिगूभाऊ दाराबाहेर उभे राहिले. आत तळहात लावायला त्यांना जाता येणार नव्हतं. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. कान दाराकडे लावून होते. आतून गाणी ऐकू येत होती, बांगड्या वाजत होत्या, कुणीतरी हळद उडाली म्हणून ओरडत होतं.

“काय ऐकता?” मी विचारलं.

“आधी रोलचा कॅमेरा होता, मंग बारका, तवा बाहेरून आवाज यायचा, मास्तर. खट झालं का समजे, सिंधूनं एक काढला. मी इकडं मांडवात माया कामात राहो, पण कान तिकडं. इतके वर्सं आमचं तसंच चाललं.” ते थांबले. “पंकजनं या पहेलवानाचा आवाज बंद करून देल्ला. म्हणे, वरच्या मॉडेलात हीच मजा हाये. आता ती आत काढून राह्यली का नुसती उभी हाये, मले कसं समजावं?”

 आम्ही दोघं दार उघडेपर्यंत तसेच उभे राहिलो.

फोटो सगळे चांगले आले असं नाही. काही हलले होते, एकात नवरीची हनुवटी कापली होती. पण बरेच नीट होते, आणि हळद लागल्यावर आईकडे वळून पाहणाऱ्या मुलीचा एक फोटो काकांनी स्वतःसाठी वेगळा मागून घेतला.

पुढच्या आठवड्यात पंकज घरी आला. डिगूभाऊंनी त्याला भिंतीपाशी गाठलं.

“याचा आवाज चालू करून दे.”

“मामा, आवाज नसला तं बरं असते. बाया बुजत नाही. वरच्या मॉडेलाचा फायदाच तो हाये.”

“तुया फायदा तुयापाशी ठेव. आवाज चालू कर.”

“पण काऊन?”

अंगणात वहिनी तुळशीपाशी बसून कॅमेऱ्याचा पट्टा आखूड करत होत्या. डिगूभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“मले बाहेर आयकू आलं पाह्यजे.”