डँडेलियनमुक्त ब्रायर हिल

कोणत्याही समाजाची नैतिक उंची त्याच्या घरापुढच्या हिरवळीवरून ओळखावी, आणि हिरवळीची उंची तीन इंच असावी. कमी ठेवली तर माती उघडी पडून डँडेलियनचं बी रुजतं. जास्त ठेवली तर घरात नवरा-बायकोचं बिनसलंय असा शेजारी समज करून घेतात. पेनसिल्वेनियातल्या ब्रायर हिल वसाहतीत ही दोन्ही संकटं टाळण्यासाठी हिरवळ समिती आहे आणि श्री. मर्विन गेहमन हे तिचे सहा वर्षं बिनविरोध अध्यक्ष आहेत. (दुसरं कोणी उभंच राहत नाही.)

डँडेलियन हे दिसायला साधं पिवळं फूल, पण मर्विन रूपाला भुलले नाहीत. त्याची मुळी गाजरासारखी सरळ खाली जाते आणि बोटभर तुकडा राहिला तरी पुन्हा डोकं वर काढते. म्हणून ते लांब दुतोंडी खुरप्याने उपटावं, माती ओली असताना उपटावं, आणि शक्यतो शेजारी बघत असताना उपटावं. औषध मात्र ऑक्टोबरात फवारावं. तेव्हा झाड हिवाळ्याची बेगमी मुळीत साठवतं आणि बेगमीबरोबर विषही इमानाने खाली नेतं. झाडाच्या या भाबडेपणाचा समितीने पुरेपूर फायदा घेतला. फुलाची म्हातारी होऊन वाऱ्यावर उडाली, तर नियमावलीनुसार ते शेजाऱ्याविरुद्धचं कृत्य ठरतं.

सहा वर्षांपूर्वी वसाहतीत चार हजार एकशे बारा डँडेलियन होती. (सदर मोजणी अध्यक्षांनी स्वतः रांगत केली.) गेल्या वर्षी एकोणचाळीस उरली, तीही सगळी ऑर्फा ट्राउटबाईंच्या अंगणात. बाई निवृत्त ग्रंथपाल. पहिल्या दहा नोटिसा त्यांनी पुस्तकांत खुणेसाठी घातल्या. अकरावी घेऊन मर्विन स्वतः गेले.

"बाई, अहो, नुसती एक फवारणी."

"माझं काय वाकडं केलंय हो त्यांनी?"

"तुमचं नाही, वसाहतीचं करतायत."

बाई नोटिसांना कंटाळल्या होत्या; हो म्हणाल्या. ऑक्टोबरात फवारणी झाली आणि वसंतातल्या मोजणीत आकडा शून्यावर आला. अध्यक्षांनी तो चौकटीत छापून घरोघरी वाटला.

त्याच हिवाळ्यात मर्विनची आई वर्ना, वय एकोणनव्वद, शेत विकून लेकाकडे राहायला आली. आल्यापासून तिचं जेवण तुटलं होतं. चार चमचे सूप की पुरे. डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या. पण ती काही मागतच नव्हती, आणि तिचे कपडे दर आठवड्याला किती सैल पडतात, ते मर्विन मोजत. (हे समितीच्या इतिवृत्तात नाही.)

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी सकाळी वर्ना आपल्या पायांनी स्वयंपाकघरात आली.

"मर्विन, सुरी आणि टोपली दे रे. आज हिरवा गुरुवार ना! फुलं यायच्या आत डँडेलियन खुडून आणते. सूनबाईला म्हणावं, तू बेकन परत, गरम व्हिनेगर मी घालीन. भूक लागलीय मला."

या दिवशी हा पाला खाल्ला की वर्ष निरोगी जातं, असं इथली जुनी माणसं मानतात. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून वर्नाने एकही हिरवा गुरुवार चुकवला नव्हता. मर्विनही दर वर्षी शेतावर जाऊन दोन ताटल्या चापत, आणि घरी येऊन फवारणीचा पंप साफ करायला घेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असल्याचं समितीच्या निदर्शनास कधी आलं नव्हतं. ते आत्ता आलं. शेताकडे धावावं तर तिथे नवी वसाहत उभी राहत होती (तिनेही मर्विनकडूनच नियमावली मागवली होती).

दुकानात डँडेलियन मिळतं. शेजारच्या न्यू जर्सीतले शेतकरी ते मुद्दाम पेरतात, त्याला खत घालतात आणि त्यात उगवलेलं गवत उपटून टाकतात. मर्विननी दोन जुड्या आणल्या. वर्नाने एक पान चुरून नाकाशी धरलं.

"हे कोणाच्या अंगणातलं?"

"दुकानातलं गं, आई."

"म्हणजे कोणाच्याच नाही." तिने जुडी बाजूला सारली.

मग अध्यक्ष टोपली घेऊन ट्राउटबाईंच्या दारात उभे राहिले. "एखादं राहिलंय का हो? मागे, कुंपणाशी? आईला हवंय."

बाईंनी एका शब्दाने टोमणा मारला नाही. दोघांनी तासभर अंगण पालथं घातलं. मोहीम शंभर टक्के यशस्वी झाली होती. (एखादं सापडतं, तरी औषधाच्या डब्यावर काय लिहिलंय ते मर्विनना पाठ होतं.)

"आधी बोलायचंत की हो," बाई म्हणाल्या. "तुमच्या आईसाठी एक लपवून ठेवलं असतं."

मर्विन परतले तेव्हा वर्ना काठी टेकून पायरीवर उभी होती. तिने रिकाम्या टोपलीत पाहिलं, मग समोरच्या गवताकडे पाहिलं.

"छान ठेवलंयस हो अंगण," ती म्हणाली. "पण यातलं खायचं काय?"

ती आत जाऊन निजली. त्या दिवशी तिने सूपही घेतलं नाही.

वाचकांनी मर्विनना खुशाल हसावं. हसून झालं की आपल्या आईला विचारावं, लहानपणी ती परसातून कोणता पाला खुडून आणायची. ती नाव सांगेल, आणि एकदा खावासा वाटतो असंही कदाचित म्हणेल. तेवढ्यासाठी दारातले पेव्हर ब्लॉक कुठून उचलायचे, ते मात्र आधी ठरवून ठेवावं.